रिकाम्या चौकटींचं दुसरं रीळ

दि. ४ फेब्रुवारी
मुक्काम खिडकीजवळचं टेबल

चि. मैनेस,
अ. उ. आ.

टिक्-टिक्-खर्रर्र. टिक्-टिक्-खर्रर्र. ओळखलास का हा आवाज? डोळे मिटून वाच, म्हणजे ओळखशील. (डोळे मिटून कसं वाचायचं ते तुझं तू बघ.) अगं, आपल्या वाचनालयाचा प्रोजेक्टर! त्याच्या चाकाचे दोन दात झिजलेले, म्हणून तो फिरताना अडखळायचा आणि तू म्हणायचीस की दादा, तुझ्या यंत्राला उचकी लागलीये, पाणी पाज त्याला. एकेचाळीस वर्षांनी काल संध्याकाळी मी तो आवाज पुन्हा ऐकला. उचकी अजून आहे!

झालं असं की वाचनालयात एक नवी ग्रंथपाल मुलगी आली आहे. वय असेल सव्वीस-सत्तावीस, चालते भरभर, बोलते त्याहून भरभर. तिनं पोटमाळा झाडायला काढला, तर चादरीखाली प्रोजेक्टर आणि त्याच्यामागे रशियन अक्षरांचे चार गोल डबे. सरळ माझ्या दारात आली आणि विचारलं, की ऑपरेटर म्हणतात ते तुम्हीच का. मी 'हो' इतक्या जोरात म्हणालो की शेजारीण लाटणं हातात घेऊन बाहेर आली. सिनेमागृहातून निवृत्त होऊन मला सोळा वर्षं झाली, मैने. तेव्हापासून या हुद्द्यानं मला कोणी हाक मारली नव्हती.

मुलीचं म्हणणं असं, की येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता, मोठ्या दालनात सगळ्या वस्तीसाठी ते तिन्ही माहितीपट दाखवायचे. रशियाचा इतिहास आणि कला. आठवतात ना? पहिला, एकही खिळा न ठोकता कुऱ्हाडीनं उभारलेल्या लाकडी चर्चचा. दुसरा, दलदलीत शहर वसवणाऱ्या त्या ताडमाड झारचा. आणि तिसरा, दोन रिळांचा, तुझा लाडका. रिकाम्या चौकटींचा. मी तिला म्हणालो, बाई गं, यंत्राचा आवाजाचा भाग कधीच मेलाय, आणि असता तरी सगळं रशियन. मग तेव्हा कसं करायचात, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, की माझी धाकटी बहीण संध्याकाळच्या वर्गात रशियन शिकली होती. तिनं मराठीत लिहून काढलेली एक वही होती. आणि पडद्यामागे हिरव्या झाकणाचा टेबललॅम्प लावून ती वाचायची. पुढे शंभर माणसं बसलेली, पण कोणी खोकायचं नाही. तिचं खरं नाव मागे पडून मैना झालं ते त्या आवाजापायी. ऐकताना त्या पोरीचे डोळे असे झाले, जसा पहिल्यांदा दिवा लागल्यावर पडदा होतो.

तर मागणं दोन. एक, वही पाठव. दोन, वहीसोबत तूही ये. त्या शेवटच्या प्रयोगाचं मनात धरू नकोस, ते झालं गेलं.

आणखी एक. आपली शाळेतली नदीची कविता गेला आठवडाभर डोक्यात वाहते आहे. पहिली दोन कडवी खणखणीत. तिसऱ्याशी नेहमीसारखा अडलो. पुस्तकात बघणार नाही, हे तुला माहीत आहे. लहानपणापासून तिसरं कडवं सांगायचं काम तुझं. तेवढं लिही. फोन करू नकोस, फोनवर मी ओरडतो आणि तू नुसतं 'हं हं' करतेस.

लोभ इकडे भरपूर आहे; थोडा तिकडून टपालानं धाडावा.
तुझा दादा

---

दि. १० फेब्रुवारी
मुक्काम शिलाई मशीन, तिसरा मजला

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र डोळे मिटून वाचायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग चष्मा लावून वाचलं, तर चष्म्यालाच घाम फुटला. तू ग्रंथपाल मुलीपुढे माझी इतकी तारीफ केलीस, की आता मी आलेच तर तिला वाटेल ही कोणी दुसरीच म्हातारी पाठवली.

इकडे सगळं ठीक. गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन सात आठवडे झाले. डॉक्टरांनी घरातल्या घरात चालायची मुभा दिली आहे, जिने मात्र बंद. तेव्हा येण्याचा प्रश्न मिटला. मुलगा आणि सूनबाई नऊला कामावर जातात, मग घरात मी, मशीन आणि खालच्या इस्त्रीवाल्याचा रेडिओ. दुकान बंद केलं तरी जुनी गिऱ्हाइकं ब्लाउज घेऊन वर येतात. म्हणतात, तुमच्यासारखा गळा कोणी कापत नाही. ऐकणाऱ्याला वाटावं मी खाटीक आहे.

आता तुझ्या मागण्या. वही आहे. मशीनच्या खालच्या खणात, कापायच्या कागदांखाली. उद्या रजिस्टरनं निघेल. आवाज मात्र पाठवता येणार नाही, दादा. तो मी वापरत नाही. नातवाला गोष्टसुद्धा त्याचा बाप वाचून दाखवतो.

त्या संध्याकाळचं तू एका ओळीत उरकलंस, की झालं गेलं. तुझं असेल. मला अजून सगळं दिसतं, म्हणजे दिसत नाही तेच दिसतं. मी पडद्यामागे, पुढ्यात फक्त वही. दुसऱ्या रांगेत रेडिओवरचे गृहस्थ, माझा आवाज ऐकायला म्हणून खास आलेले. पसंत पडला तर सोमवारपासून निवेदिका. मी वाचतेय की युद्ध दाराशी आलंय, संग्रहालयातली चित्रं उतरवून लांब पाठवली, भिंतीवर नुसत्या चौकटी उरल्या. आणि तरी तिथला मार्गदर्शक सैनिकांना दालनादालनातून हिंडवून, रिकाम्या चौकटीकडे बोट दाखवून, इथं काय होतं ते नुसत्या आठवणीनं सांगतोय. मी वाचतेय की पाहा, इथं काही नाही, फक्त भिंत आहे. आणि लोक हसताहेत! मी आवाज चढवला, तर आणखी हसताहेत. नंतर कळलं की पडद्यावर त्या वेळी एक जाडजूड सरदार सोन्याच्या चौकटीत बसला होता आणि चार माणसं घाम पुसत त्याला भिंतीवर चढवत होती. दुसरं रीळ आधी लागलं होतं. दिवे लावले, आणि वाचनालयाच्या अध्यक्षांनी ध्वनिक्षेपकावर सांगितलं की मुलीनं वहीची पानं उलटीसुलटी लावली, सांभाळून घ्या. रेडिओवाले गृहस्थ तोवर निघून गेले होते.

पानं मी उलटी लावली नव्हती. इतकंच.

ते अध्यक्ष अजून आहेत का रे? असतील तर पहिल्याच रांगेत बसतील.

नदीच्या तिसऱ्या कडव्याबद्दल: सांगणार नाही. उभा जन्म वाचनालयाच्या दाराशी काढलास, काय ते बघ.

माया आहे तशीच आहे, गुडघा तेवढा नवा.
तुझी मैना

---

दि. १९ फेब्रुवारी
मुक्काम वाचनालय, पोटमाळ्याचा जिना

चि. मैनेस,
अ. उ. आ.

वही आली! पाकीट मी फोडलं नाही, त्या मुलीला फोडू दिलं. आत तुझी मोत्यांसारखी अक्षरं, समासात लाल शाईनं 'इथे थांब', 'इथे श्वास', 'इथे दादा रीळ बदलेल'. ती मुलगी ते 'इथे श्वास' बघून खुर्चीत बसलीच.

काय धमाल चालली आहे म्हणून सांगू! जाहिरातीचे कागद पिठाच्या गिरणीपासून दवाखान्यापर्यंत चिकटवले. चर्चच्या घुमटाचं चित्र एका रंगाऱ्यानं फुकट काढून दिलं. लोक विचारतात की हा कांदा कशाचा. शाळेतून साठ खुर्च्या येणार आहेत, शिंपी पडदा धुऊन ताणून देणार आहे. यंत्राला मी तेल पाजलं, भिंग पुसलं, दिवा बदलला. तो एकच दिवा मिळाला, सोन्यासारखा जपतोय. तालमीत मुलगी वाचते, पण कशी? बसस्थानकावर गाडी सुटतेय अशी! झार दलदलीत उतरला की वाटतं आता फलाट क्रमांक सांगणार. मी तुझ्या लाल खुणा दाखवल्या. काल पहिल्यांदा ती 'इथे श्वास'पाशी थांबली, आणि गिरणीचा मालक, जो नुसता खुर्च्या मोजायला आला होता, तो हातातली यादी विसरून ऐकत राहिला.

अध्यक्ष आहेत. आता अध्यक्ष नाहीत, पण दुसऱ्या नावानं कोणी हाक मारत नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, काठी आणि करडेपणा दोन्ही शाबूत. तालमीला येऊन पहिल्या रांगेत मधोमध बसतात. एकेक खुर्ची काठीनं सरळ करतात. तुझी वही पाहिली, आणि मिटून टेबलाच्या कडेशी सरळ ठेवली.

मैने, आता जे लिहितो ते मी याच जिन्यावर बसून तीनदा खोडलं आहे.

मला यंत्र शिकवणाऱ्या उस्तादांचा पहिला नियम होता, की डब्याच्या झाकणावर भरवसा ठेवायचा नाही. फिल्मच्या तोंडाशी जी कोरी पट्टी असते, तिच्यावरचा आकडा उजेडात धरून वाचायचा, मगच फिल्म यंत्रात घालायची. अकरा वर्षं मी तो पाळला होता. त्या संध्याकाळी तू पडद्यामागे धास्तावली होतीस. तुला धीर यावा म्हणून मी यंत्राजवळून मोठ्यानं नदीची कविता म्हणत होतो. तिसऱ्या कडव्याशी अडलो. ती ओळ आठवण्याच्या नादात झाकणावरचा 'एक' बघितला आणि चढवली. आत दुसरं रीळ होतं. आधीच्या दिवशी तालमीनंतर गुंडाळताना मीच झाकणांची अदलाबदल केली असणार. पाचव्या मिनिटाला माझ्या ध्यानात आलं. यंत्र थांबवलं नाही, वाटलं कोणाच्या लक्षात येणार नाही. मग अध्यक्ष बोलले. सभागृहात माझ्या सिनेमागृहाचे मालक बसले होते, आणि अकरा वर्षांनंतरही माझी नोकरी कच्चीच होती. मी गप्प बसलो. तू पडद्यामागून वही छातीशी धरून बाहेर आलीस आणि माझ्याकडे बघितलंस, तरी गप्प बसलो.

रेडिओवर रोज सकाळी तुझा आवाज आला असता. खालच्या इस्त्रीवाल्याकडेसुद्धा.

शनिवारी सगळ्यांसमोर उभं राहून हे सांगणार आहे, अध्यक्षांच्या तोंडावर. त्याआधी तुला सांगायला हवं होतं. एकेचाळीस वर्षं आधी.

लोभ ठेव असं या खेपेला म्हणवत नाही. ठेवलास तर कळव.
दादा

---

दि. २४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र संपेपर्यंत खुर्चीतून उठू नकोस.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम करायला लागले, तेव्हा सूनबाई पाण्याचा पेला घेऊन धावत आली आणि गुडघा दुखतोय का विचारू लागली. तिला काय सांगू?

अरे वेड्या, झाकणं मी बदलली होती.

त्या दुपारी तू जेवायला गेला होतास. मला वहीतल्या एका वाक्याची शंका होती, की मार्गदर्शक आधी टोपी काढतो की आधी चौकटीकडे बोट दाखवतो. म्हणून दोन्ही डबे उघडले आणि फिल्म खिडकीशी धरून एकेक चित्र बघत बसले. तेवढ्यात रशियन शिकवणाऱ्या बाईंनी खालून हाक मारली. घाईघाईत झाकणं लावली आणि पळाले. रात्री अंथरुणात पडल्यावर डोक्यात लख्ख उजेड पडला, की झाकणं! अध्यक्ष पानं म्हणाले ते चुकीचं, पण चूक माझीच. आणि मला वाटलं, दादानं आकडा वाचला नसेल असं होणारच नाही. त्याला कळलं असणार कोणी झाकणं बदलली, आणि बहिणीचं नाव येऊ नये म्हणून तो मूग गिळून बसला. बाहेर आल्यावर मी तुझ्याकडे जे बघितलं ना, ते उपकार मानून बघितलं होतं!

म्हणून तर तिकडे येणं टाळत आले. तुला वाटलं असेल राग. राग कसला, तुझ्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता.

बघ म्हणजे. मी झाकणं बदलली, तू आकडा बघितला नाहीस, आणि दोघं एकेचाळीस वर्षं एकमेकांचे ऋणी! आईनं दोघांनाही कान धरून उभं केलं असतं.

आता ऐक. शनिवारी काही एक सांगायचं नाही. अध्यक्षांना या वयात भर सभेत खाली मान घालायला लावू नकोस. मागून घेतलेली माफी मला नको. मला हवं होतं ते वेगळंच. वहीतली शेवटची चार पानं. युद्ध संपतं, चित्रं परत येतात, रिकाम्या चौकटी एकेक करून भरतात. ती मी किती जीव लावून लिहिली होती! तो माहितीपट त्या संध्याकाळी पहिल्यांदाच लागला होता, आणि तीच पानं लोकांपुढे माझ्या तोंडून कधी बाहेर पडली नाहीत. दुसरं रीळ आधीच लागून गेलेलं, मग दिवे लागले, लोक उठले. रेडिओचं दुःख मी शिवणात शिवून टाकलं. ती चार पानं तेवढी राहिली.

असो. मुलीला सांग, शेवटच्या पानाशी आवाज चढवू नकोस म्हणावं. तिथं हळू.

कडवं अजूनही सांगणार नाही. त्याच्यापायीच तर सगळं झालं!

मायेचं खातं आता बरोबर जुळलं असं समजून असावं.
मैना

---

दि. ८ मार्च, रविवार सकाळ
मुक्काम खिडकीजवळचं टेबल, पाय जमिनीवर नाहीत

चि. मैनेस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी खुर्चीत बसूनच वाचलं, आणि बरं केलं, नाहीतर टेबलासकट नाचलो असतो. अठ्ठेचाळीस तास मी रस्त्यात भेटेल त्याच्याकडे बघून हसत होतो. दवाखान्यातल्या नर्सनं गोळी बदलली का विचारलं.

काल प्रयोग झाला. क्रमानं सांगतो, नाहीतर तू म्हणशील याचं रीळ पुन्हा उलटं लागलं.

माणसं आली दोनशेच्या वर. खुर्च्या संपल्या, मग सतरंज्या, मग खिडक्यांचे कट्टे. पाच वाजता पडदे ओढले आणि मी बटण दाबलं. टिक्-टिक्-खर्रर्र! पहिल्या उचकीला सगळं दालन हसलं आणि दुसऱ्या मिनिटाला गप्प झालं. सुतार तर उभाच राहिला, तो कुऱ्हाडीनं ओंडक्यांचे सांधे जुळवताना बघून. मध्येच मोठ्यानं म्हणाला की हे खोटं असेल तर मी हत्यारं विकतो. झार आला तेव्हा मुलीचा श्वास बरोबर तुझ्या लाल खुणांवर पडत होता. आणि मी प्रत्येक रीळ चढवण्याआधी पट्टीवरचा आकडा उजेडात धरून वाचला, दोनदा.

मग तिसरा. पहिलं रीळ. चित्रं उतरवली, गुंडाळली, गाड्या निघाल्या. मार्गदर्शक सैनिकांना घेऊन पहिल्या रिकाम्या चौकटीपाशी आला. त्यानं आधी टोपी काढली, मग बोट दाखवलं. तुझी शंका मिटावी म्हणून मुद्दाम बघितलं! आणि नेमका त्याच क्षणी फट्! दिवा गेला. तो एकुलता एक, सोन्यासारखा जपलेला.

पडदा काळा. माझा हात यंत्रावर तसाच. वाटलं, संपलं, पुन्हा तेच. मुलगी पडद्यामागे थबकली. मग अंधारातून सुताराचा आवाज आला, की बाई, थांबू नका, दिसतंय आम्हाला.

मैने, ती वाचत राहिली! तुझ्या हिरव्या टेबललॅम्पच्या उजेडात ती वाचत होती आणि दोनशे माणसं काळ्या पडद्याकडे बघत ऐकत होती, की इथं एक म्हातारा होता, त्याच्या हातावर उजेड पडला होता. इथं एक आई होती, तिचं बाळ फुलाकडे हात पुढे करत होतं. आम्ही सगळे ते सैनिकच झालो होतो गं. कोणी खोकलं नाही. पहिल्या रिळाचा मजकूर संपला तशी मुलीनं वही मिटली आणि सांगितलं की पुढची चार पानं मी वाचणार नाही. ज्यांनी लिहिली त्यांनी वाचावीत, आणि चित्रं पडद्यावर असताना.

तू बजावलं होतंस, मला ठाऊक आहे. पण अंधार होता, आणि अंधारात बोलायला मी जन्मभर सरावलेलो. उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. झाकणं, पट्टी, कविता, तुझं, माझं. तुझ्या चुकीला लोक हसले, माझ्या चुकीला त्याहून जास्त हसले, पण त्या दिवशीसारखं नाही. अध्यक्षांबद्दल एक अक्षर काढलं नाही, तुझी शपथ. इतकंच म्हणालो, की पानं उलटी नव्हती. मग पहिल्या रांगेतून काठीचा आवाज ऐकू आला. ठक, ठक, ठक. दारापर्यंत जाऊन थांबला, मग बाहेर गेला. दिवे लावले तेव्हा मधली खुर्ची रिकामी. तेवढं एक मनाला लागून राहिलंय. दुखावले असतील. तुझं ऐकायला हवं होतं.

दिव्याचं विचारशील, तर एका जुन्या फोटोग्राफरच्या दुकानात तसाच एक आहे म्हणतात, उद्या बघतो. बरं, सहज विचारतो, तुझ्या पुढच्या खोलीतली भिंत किती रुंद आहे? रंग पांढरा की पिवळट? खिळे किती? आणि जिन्याच्या पायऱ्या किती? उगाच माहिती असावी म्हणून. उलट टपाली कळव.

लोभ आता दोन्हीकडून उतू जातोय, झाकण नीट लावावं.
दादा

---

दि. १४ मार्च, शनिवार
मुक्काम शिलाई मशीन

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाच वेळा वाचलं, सूनबाईला एकदा वाचून दाखवलं. हो, वाचून दाखवलं. मोठ्यानं. 'दिसतंय आम्हाला'पाशी माझाच आवाज गेला, तर ती म्हणाली, आई, इथे श्वास. मेलीनं माझ्यावरच उलटवलं.

तू ऐकलं नाहीस याबद्दल रागवायचं ठरवून बसले होते. अर्धा तास रागावून पाहिलं, पण सुतार आठवला की हसू यायचं. अध्यक्षांचं मात्र वाईट वाटलं. करडा माणूस खरा, पण ती खुर्ची रिकामी राहिली हे वाचून बरं वाटलं नाही. त्यांना भेटून ये. माझा नमस्कार सांग, आणि सांग की मी कधीच

थांब, हे नंतर लिहिते.

तुझे ते सहज प्रश्न. भिंत साडेनऊ फूट, परवाच मुलानं पांढरी केली. खिळा एक, त्यावर दिनदर्शिका, ती काढता येते. पायऱ्या चोपन्न, वळणं सहा. दादा, मी म्हातारी झाले आहे, खुळी नाही. पण तू दोन थांबे पुढे गेलास की बसमध्ये तुला मळमळतं, पिशवी हातात धरून बसतोस. वीस वर्षांत गाव सोडलं नाहीस. तेव्हा उगाच फुशारकी मारू नकोस. गुडघा जिने उतरू लागला की मीच येईन, मे महिन्यात. तोवर ते रीळ थंड जागी ठेव आणि

खाली टॅक्सी थांबली. खिडकीतून दिसतेय. एक भरभर चालणारी मुलगी टपावरून पांढऱ्या कापडाचं लांबलचक गुंडाळं उतरवून घेतेय आणि त्याहून भरभर कोणाला तरी रागावतेय.

दादा, मी मुद्दाम मशीनशी परत येऊन हे लिहितेय, कारण लिहून काढल्याशिवाय मला हे खरं वाटणार नाही. बेल वाजली. घरात मी एकटीच. दाराच्या भोकातून बघितलं. वाटलं होतं तू असशील. तू नाहीस. दारात अध्यक्ष उभे आहेत. चोपन्न पायऱ्या चढून. एक हात भिंतीवर, काखेत गोल डबा, धाप लागलीये आणि तरी माझ्या दाराबाहेरचं पायपुसणं काठीनं सरळ करताहेत. मी मागे आहे हे त्यांना कळलं असावं. दारालाच म्हणाले, की बाई, पानं उलटी नव्हती, हे मी त्याच रात्री, तुम्ही वाचनालयात विसरलेली वही उघडून पाहिलं होतं. पानांना आकडे होते. सांगायला आलोय. मग काखेतल्या डब्याकडे मान वळवून म्हणाले, की झाकण मी स्वतः तपासून आणलंय, पट्टीवर आकडा दोन आहे.

त्यांना दोन मिनिटं थांबू दे. मी एकेचाळीस वर्षं थांबले आहे. उघडतेच आता, खुर्ची पण द्यायला हवी, बिचारे पडतील.

आणि जिन्यातून, चौथ्या वळणावरून की पाचव्या, कोणीतरी यंत्रासारखं काहीतरी जड पायरीपायरीवर टेकवत, मळमळत्या आवाजात नदीची कविता म्हणत वर येतंय. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं.

आता अडलास. माझ्या दारापासून दोन वळणं खाली, भर जिन्यात, अध्यक्षांच्या आणि त्या पोरीच्या देखत, नेहमीसारखा गप्प उभा आहेस आणि वाट बघतोयस.

लेखणी ठेवते. दार उघडून तिसरं कडवं मलाच म्हणायला हवं, आणि खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं.